अंड्यावर बसणारी जात

आमच्या घरात अंडं येत नव्हतं. सिहोऱ्यात वडिलांचा धान-तांदळाचा व्यापार होता. आईच्या माहेरी मांसमासळीला बंदी होती आणि तिनं ती बंदी आमच्याही घरात कायम केली होती. त्यामुळे पशुवैद्यकीचं शिक्षण संपवून मी कोंबड्यांच्या प्रजननावर संशोधन करणार असल्याचं घरी सांगितलं, तेव्हा वडील हसले आणि आई म्हणाली, "गाई-म्हशी सरल्या काय वं?"

त्यानंतर मी सुटीला घरी आले की अंगणात पाण्याची बादली भरून ठेवलेली असायची. आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात जायचं नाही. मी प्राध्यापक झाले, पुढे विभागप्रमुख झाले, तरी आई होती तोवर ती बादली चुकली नाही. शेजारची कोणी बकरी घेऊन आली की मात्र आईच मला हाक मारायची. तिच्या आवाजात तेव्हा वेगळाच तोरा असायचा.

मी कोंबड्यांकडे वळले ते एका पाहणीमुळे. शिकत असताना आम्हाला पवनी तालुक्यातल्या गावांत पाठवलं होतं. घरोघरी जाऊन कालच्या दिवसात कोणी काय खाल्लं, एवढंच विचारायचं. भात सगळ्यांच्या ताटात होता. त्यावर लाखोळीची डाळ, कधी भाजी, कधी बोडीतली, म्हणजे गावच्या लहान तळ्यातली, मासळी. दूध होतं, पण ते डेअरीत जायचं. बकरी होती, पण ती कधी विकायची ते घरातला पुरुष ठरवायचा. घरच्या बाईनं काल काय खाल्लं हे विचारलं, की बहुतेक ठिकाणी तीच हसायची आणि बाजूला बघायची.

कोंबडीचं तसं नव्हतं. कोंबडी बाईची असायची. तिचं अंडं उकडायचं, लेकराला द्यायचं की पिल्लांसाठी ठेवायचं, हे बाई कोणाला न विचारता ठरवायची. त्या घरांमध्ये दुसरं असं काही मला दिसलं नाही, की ज्याबद्दल तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. अन्नसुरक्षेवर पुढे मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ लिहिलं, व्याख्यानं दिली. पण माझ्या सगळ्या कामाचं मूळ तेवढंच होतं.

अडचण अशी होती, की गावठी कोंबडी अंडी फार कमी देते. योजनांमधून वाटलेल्या सुधारित कोंबड्या अंडी भरपूर द्यायच्या, पण त्या खुडूक बसायच्या नाहीत. अंड्यावर बसून पिल्लं काढणं त्यांच्या रक्तातूनच गेलं होतं. ते आमच्याच शास्त्रानं घालवलं होतं, कारण कोंबडी खुडूक बसली की तितके दिवस अंडी देत नाही, आणि फार्मवाल्याला ते परवडत नाही. त्याच्याकडे अंडी उबवायचं यंत्र असतं. गावातल्या बाईकडे यंत्र नसतं. तिची कोंबडी बसली नाही, तर दोन वर्षांनी तिचं खुराडं रिकामं होतं आणि ती पुन्हा पुढच्या योजनेची वाट बघत बसते.

मला अशी कोंबडी हवी होती, जी गावठीपेक्षा जास्त अंडी देईल, मुंगूस दिसलं की छपरावर उडेल, तांदळाच्या कोंडा-कनकीवर आणि कापणीनंतर बांधीत सांडलेल्या धानावर जगेल आणि वेळ आली की अंड्यावर बसेल. माझे मार्गदर्शक सज्जन होते. ते म्हणाले, "सगळं जग एका दिशेनं चाललंय आणि तू उलटी निघाली आहेस." तरी त्यांनी मला अडवलं नाही.

या कामात घाई चालत नाही. एका पिढीतून निवड करायची, त्यांची पिल्लं वाढवायची, पुन्हा निवड करायची. मधेच एखादा आजार आला की मागे जायचं. माझं लग्न राहून गेलं, असं नातेवाईक म्हणायचे. मला तसं कधी वाटलं नाही. एका पिढीनंतर दुसरी पिढी येत गेली आणि त्यात माझी वर्षं गेली, एवढंच. परिषदांमध्ये मी माझ्या कोंबडीचा फोटो दाखवायचे. तांबूस अंगावर काळे-पांढरे ठिपके, ताठ मान, लहान तुरा. फोटो सगळ्यांना आवडायचा. मग कोणीतरी वर्षाला अंडी किती ते विचारायचं, मी आकडा सांगायचे आणि सभागृहातलं लक्ष उडायचं. माझा आकडा नेहमी इतरांपेक्षा लहान असायचा.

आसगाव आणि कोंढ्याच्या मधे, मुख्य रस्त्यापासून आत, तलावाच्या काठाला एक लहान गाव आहे. पहिल्या कोंबड्या मी तिथं दिल्या. तिथंच मला ती भेटली.

ती तेव्हा नवी सून होती. नवरा नागपूरला बांधकामावर जायचा, रोवणीला आणि कापणीला तेवढा घरी यायचा. घरात सासू, ती आणि एक तान्ही मुलगी. बाकीच्या बायकांनी कोंबड्या घेतल्या, हिनं घेतल्या नाहीत. मागच्या योजनेतल्या पांढऱ्या कोंबड्यांचा तिला माहेरी अनुभव आला होता. अंडी सरली आणि कोंबडीही सरली, मग कशाला पुन्हा तोच व्याप, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, या बसतील. ती म्हणाली, "सारेच सांगतात."

शेवटी सासूनं चार ठेवून घेतल्या. उन्हाळ्याआधी त्यातली एक खुडूक बसली. त्या दिवशी मी योगायोगानं गावात होते. ही मला घराच्या मागे सांदवाडीत घेऊन गेली, डालगं थोडंसं उचललं आणि मला आत बघू दिलं. कोंबडीनं अंग फुगवलं, घशातून हलका आवाज काढला. आम्ही दोघी उकिडव्या बसून तिच्याकडे बघत राहिलो. मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी घातली होती, ते तिच्या सांदवाडीत एका फुटक्या टोपलीत तणसावर बसलेलं होतं. मला रडू आलं.  डालगं हळूच खाली ठेवून तिनं मला चहाला घरात नेलं.

पुढची वर्षं चांगली गेली. मी त्या गावात वरचेवर जायचे, पाहणीच्या दिवसांत तिच्याच घरी मुक्काम करायचे. एकदा बोलता बोलता तिला कळलं, की मी अजून एकही अंडं खाल्लेलं नाही. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. सासूलाही तिनं आतून बोलावून सांगितलं. त्या दिवशी तिनं अंड्याचा रस्सा आणि भात केला आणि मी जेवले. आईला मी ते कधीच सांगितलं नाही.

तिची मुलगी माझ्या डोळ्यांदेखत वाढली. माझ्या पाहणीत त्या गावातल्या मुलांची वजनं आजूबाजूच्या गावांपेक्षा बरी येऊ लागली होती. पण मला आठवते ती वजनाच्या काट्यावर उभी राहायला न घाबरणारी, गालांत खळ्या पडणारी ती एक मुलगी. तिचं लग्न झालं तेव्हा तिच्यासोबत सासरी आमच्या जातीच्या दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा गेला. अशाच गावातल्या लेकी जिथं जिथं दिल्या, तिथं तिथं ठिपक्यांच्या कोंबड्या गेल्या.

मधल्या काळात आमच्या महाविद्यालयात एक निर्णय झाला. माझ्या कोंबड्यांचं शेड दुसऱ्या प्रकल्पाला द्यायचं ठरलं. जास्त अंडी देणाऱ्या जातीचं काम होतं ते. मी बैठकीत बोलले, लेखी दिलं, वर जाऊन भेटले. सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं. शेवटी पक्षी लिलावात काढण्याऐवजी मला नेऊ द्यावेत, एवढीच माझी विनंती मान्य झाली. उरलेला सगळा कळप मी त्या गावात घरोघरी वाटून दिला. एखाद्या जातीचं सगळं बी एकाच जागी ठेवू नये, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. मला दुसरी जागा मिळाली नाही. गावात त्या कोंबड्या चांगल्या राहतील, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्या खरोखर चांगल्या राहिल्या.

मग त्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता त्याच भागात पशुधन अधिकारी होता. माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी फार कमी मुलांना कोंबड्या आवडायच्या. त्याला आवडायच्या. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावात मर लागलीय."

आधी त्याला मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, शंका आली होती. तसं असतं तर लसीनं, काळजीनं काही वाचवता आलं असतं. पण मेलेल्या पक्ष्यांचे तुरे निळेकाळे पडले होते, आणि एका घरात सकाळी पाणी पिताना धडधाकट असलेल्या कोंबड्या संध्याकाळपर्यंत आडव्या झाल्या होत्या. नमुने तपासणीला गेले. अहवाल यायच्या आधीच आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होतं. तलावावर त्या दिवसांत बाहेरून येणारी बदकं उतरलेली होती. त्यांच्याकडून आलं, की बाजारातून आलं, हे पुढे कधीच कळलं नाही.

बर्ड फ्लू निघाला की नियम ठरलेला आहे. आजार सापडला त्या जागेच्या भोवतालचे सगळे पाळीव पक्षी मारून पुरायचे. आजारी, निरोगी असा फरक नाही. अंडी, दाणा, खुराड्यातलं तणससुद्धा नष्ट करायचं. हा नियम मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला होता. तो बरोबर आहे. हा आजार माणसाला क्वचित होतो, पण झाला तर वाचण्याची खात्री नसते.

माझ्या विद्यार्थ्यानं मला गावात येऊन बायकांशी बोलण्याची विनंती केली. लोक त्याच्या माणसांना गावात शिरू देतील की नाही, याची त्याला काळजी होती. मी दुसऱ्या दिवशी गेले. शाळेच्या पटांगणात बायका जमल्या होत्या. मी व्यासपीठावरची मराठी सोडून आमच्या सिहोऱ्याच्या बोलीत बोलले. आजार काय आहे, तो लेकरांना, म्हाताऱ्यांना लागला तर काय होईल, औषध का नाही, हे सगळं सांगितलं. कोणी वाद घातला नाही. त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती पुढेच बसली होती. तिनं हळू आवाजात विचारलं, "ज्या बऱ्या आहेत त्या बी काय?"

मी म्हटलं, "त्या बी."

तिनं मान खाली घातली आणि बोटानं जमिनीवरची माती एकीकडे करत राहिली.

दुसऱ्या सकाळी पांढऱ्या किटमधली माणसं गावात आली. मीही किट घातला होता. लहान मुलांना शाळेत एकत्र बसवून ठेवलं होतं. गावाबाहेर पडीक जागेत यंत्रानं खड्डा खणून झाला होता, बाजूला चुन्याच्या गोण्या रचल्या होत्या.

पण कोंबड्या हाती येईनात. माणूस जवळ आला की त्या उडायच्या. छपरावर, बोरीच्या झाडावर, कुंपणाच्या काट्यांत. किटमध्ये घामाघूम झालेली ती पोरं त्यांच्या मागे धावत होती, पडत होती. एकजण कौलांवरून घसरता घसरता वाचला. ज्या पिल्लांना लवकर उडता येत नव्हतं, त्यांना मी दर पिढीला बाजूला काढलं होतं. मुंगसाच्या, घारीच्या, माणसाच्या हाती लागू नयेत अशाच त्या मी केल्या होत्या. दोन तास गेले आणि चार घरंसुद्धा पुरी झाली नाहीत. अर्धवट काम सोडणं सगळ्यात धोक्याचं होतं. पळालेले पक्षी शेजारच्या गावात आजार नेतील.

अधिकारी माझ्याकडे आला. काय करायचं हे त्याला कळलं होतं, पण त्याच्यानं म्हणवेना. मग मीच बायकांकडे गेले आणि त्यांना कोंबड्यांना बोलवायला सांगितलं.

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.  मग एक म्हातारी आत गेली, सुपात कनकी घेऊन आली, अंगणात पसरली आणि रोजच्यासारखी हाक घातली, "ती ती ती ती..." छपरावरून, झाडावरून कोंबड्या खाली आल्या. तिच्या पायांत घोटाळू लागल्या. मग शेजारच्या अंगणातून हाक आली, मग त्याच्या पलीकडून. थोड्या वेळात सगळ्या गावात तो आवाज भरून राहिला. आपापल्या कोंबड्या बायकांनी स्वतः धरल्या आणि त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांच्या हातांत दिल्या. एकीनं कोंबडी देण्याआधी तिच्या पंखांत अडकलेलं तणस काढून टाकलं.

दुपारी आम्ही तिच्या घराशी आलो. तिनं कनकी टाकली, हाक घातली, एकेक कोंबडी धरून दिली. कोंबड्या मोजून माणसं पुढच्या घराकडे गेली. मी पाणी मागायला म्हणून मागे राहिले. घशाला कोरड पडली होती, आणि दुसऱ्या कोणाच्या दारात उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

ती पाणी आणायला आत गेली आणि मला आवाज ऐकू आला. धानाच्या ढोलीमागच्या अंधारातून, घशातल्या घशात, थांबून थांबून. अंड्यावर बसलेली कोंबडी काढते तो आवाज.

तिनं पाण्याचा गडवा आणून माझ्यासमोर धरला. मी तो घेतला नाही, म्हणून तिला कळलं.

"आत एक बसली आहे," मी म्हटलं.

"ते बाहेर निंगालीच नाई मॅडम," ती म्हणाली. "कवापासून उठली नाई जाग्यावरून. मीच दाना-पानी नेऊन देऊन राहिली तिले. तिले कुठून लागन?"

मी ढोलीकडे वळले.

"आज-उद्या फुटतात अंडे. आतून आवाज येऊन राहिला पिल्लायचा." मग ती हळूच म्हणाली, "एकच तं आहे. कोनाले दिसते?"

ढोलीच्या पलीकडच्या खोलीत तिची मुलगी होती. बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ महिन्याभराचंही नव्हतं. आतून त्याच्या कुरकुरण्याचा आणि मुलीच्या त्याला थोपटण्याचा आवाज येत होता. सासूही तिथंच खाटेवर पडून होती, तिला आता उठता येत नव्हतं. आणि आपल्या हातानं दाणा-पाणी देऊन ही पुन्हा त्या खोलीत जात होती.

त्या एका कोंबडीच्या पिल्लांपासून मी पुन्हा सुरुवात करू शकले असते. तो विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला आणि काही क्षण थांबला. मग बाळ पुन्हा कुरकुरलं.

मी म्हटलं, "घरात बाळ आहे."

तिनं खोलीच्या दाराकडे पाहिलं.  मग गडवा खाली ठेवून ढोलीमागे गेली. आत कोंबडी फडफडल्याचा आवाज आला. तिला दोन्ही हातांत घेऊन ती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमीच देल्या होत्या," ती म्हणाली. "घ्या तुमीच."

कोंबडीनं अंग फुगवून माझ्या हातमोज्यावर चोच मारली. ती गरम होती. बसलेल्या कोंबडीचं पोट नेहमीच गरम असतं, तिथली पिसं गळून गेलेली असतात. मी तिला छातीशी धरलं. अंडी तिनं सुपात काढून घेतली आणि ती माझ्या मागून चालत आली. गावाबाहेरच्या खड्ड्यापर्यंत आम्ही दोघी अशाच गेलो.

माझा विद्यार्थी खड्ड्याच्या कडेला होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, सुपाकडे बघितलं. काही न विचारता पुढे येऊन त्यानं माझ्या हातातली कोंबडी घेतली. सुपाला मात्र त्यानं हात लावला नाही. एका अंड्याला बारीक तडा गेला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं, "अंडीही." मग त्यानं सूप घेतलं.

मी तिथून निघाले नाही. चुना पडेपर्यंत उभी राहिले. ती तिच्या बाजूला उभी राहिली, मी माझ्या.

त्या गावात कोणाला ताप आला नाही. आरोग्य खात्याच्या पोरी रोज येऊन तपासून जात होत्या. मीही खबरदारी म्हणून घरी एका खोलीत गोळ्या घेत बसून राहिले. बाळ चांगलं राहिलं. मला उद्या पुन्हा तसाच प्रसंग आला, तर मी तेच करीन. पण हे माहीत असल्यानं काही हलकं होत नाही, एवढं मला त्या खोलीत समजलं.

काही महिने गावात पक्षी पाळायला बंदी होती. ती उठल्यावर मी शोध सुरू केला. लेकींच्या सासरी गेलेल्या कोंबड्या कुठं असतील, तर त्या मिळवायच्या होत्या. पवनी आणि लाखांदूरकडच्या गावांमध्ये मी दुचाकीवरून फिरले. ठिपक्यांच्या काही कोंबड्या दिसल्याही. लोकांनी आनंदानं दिल्या. पण तोवर त्यांच्यात बाजारातल्या, गाडीवरून विकायला येणाऱ्या कोंबड्यांचं रक्त मिसळलं होतं. त्यांची पिल्लं मी वाढवली. दिसायला काही तशीच होती. बसायची वेळ आली तेव्हा त्यातल्या बऱ्याच बसल्याच नाहीत. पुन्हा पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागली असती, आणि माझी निवृत्ती जवळ आली होती. माझ्यामागे हे काम हातात घेईल असा कोणी विभागात नव्हता. त्यात त्यांची चूक नाही. ज्या कामाला पैसा मिळत नाही, ते तरुण माणसानं कसं धरावं?

शेवटच्या वर्षी मी त्या जातीवर एक सविस्तर निबंध लिहिला. सगळ्या पिढ्यांची माहिती त्यात घातली. छापण्याआधी तो तपासणाऱ्याचं मत आलं. काम महत्त्वाचं आहे, असं त्यानं लिहिलं होतं. इतकी वर्षं मला हे कोणी म्हटलं नव्हतं. पुढे त्यानं सुचवलं होतं, की इतर संशोधकांना हे पक्षी कुठं मिळतील, ते निबंधाच्या शेवटी नमूद करावं.  मी लिहिलं, की ही जात आता उपलब्ध नाही.

माझा विद्यार्थी बदली घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला. जाण्याआधी भेटायला आला होता. चहा घेऊन झाल्यावरही तो उठेना. मग म्हणाला, की त्या बायकांनी हाक मारल्यावर कोंबड्या कशा आल्या, ते त्याच्या कानांतून जात नाही. मी त्याला सांगितलं, की त्यानं त्याचं काम नीट केलं. त्यानं मान डोलावली. त्याच्या जागी मी असते, तर मलाही ते ऐकून काही फरक पडला नसता.

निवृत्तीनंतर तिची सासू वारल्याचं कळलं आणि मी तिच्या घरी गेले. त्याआधीही एक-दोनदा जाऊन आले होते. तिनं मला कधी टाळलं नाही. चहा दिला, जेवायला थांबवलं, नातीच्या गमती सांगितल्या. फक्त कोंबड्यांचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. गावातल्या दोघी-तिघींनी पुन्हा काही पक्षी आणले होते. तिनं आणले नव्हते. सांदवाडीतल्या खुराड्यात तिनं सरपण रचून ठेवलं होतं. अंडी लागली तर आसगावच्या दुकानातून आणते, असं तिनं सहज सांगितलं.

त्या दिवशी पाहुणे निघून गेल्यावर आम्ही दोघी छपरीत बसलो. तिच्यासमोर वालासारख्या पोपटीच्या शेंगांचा ढीग होता. मीही सोलायला घेतल्या. सासूच्या शेवटच्या दिवसांबद्दल ती बराच वेळ बोलत होती. म्हातारीनं त्रास दिला नाही, शेवटपर्यंत शुद्धीत होती, नवरा नागपूरहून वेळेवर पोचला.  

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिशी तुमी नसत्या आल्या ना मॅडम, तं मी त्या पोरायले मनसोक्त शिव्या देल्या असत्या. तुमाले नाई देता आल्या."

 मी म्हटलं, "आता दे."

तिनं हातातली शेंग उकलली, दाणे ताटात टाकले आणि मान हलवली.

"आता कुठं येते राग," ती म्हणाली.

अंगणात तिची नात धुळीत बसून खेळत होती. तिला बोलवायला ती उठली. मी उरलेल्या शेंगा पुढे ओढल्या आणि सोलत राहिले.